मागच्या सीटवरचा भार

देवाधर्माचं मला कधी वेड नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस मुळातच भाविक असणार. मी रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे, वाणगावच्या बाजूला. दिवा लागत नसेल तर का लागत नाही ते शोधायचं, तार कुठे तुटली ते बघायचं आणि जोडायची, हे माझं काम. प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि ते सापडतं, एवढीच माझी श्रद्धा. आमच्या घरातली भक्ती नीलाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. ती डहाणूतल्या एका शाळेत शिकवते, आणि महालक्ष्मीला घरातल्या थोरल्या बाईसारखी मानते. भाजी महाग झाली तरी तिला सांगते, नातेवाइकांची भांडणंही तिला सांगते.

दोन वर्षांपूर्वी मला एक आजार झाला. साधा ताप येऊन गेला आणि आठ दिवसांनी पायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी चप्पल पायातून निसटली ती कळलीच नाही. तिसऱ्या दिवशी मी उठून उभा राहू शकलो नाही. वापीच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटलं आहे, हळूहळू सुधारेल, पण किती आणि कधी ते सांगता येणार नाही. कारण कळलं होतं, पण जोडायला तार नव्हती.

पुढचे दोन महिने मी छताकडे बघत पडून होतो, आणि त्या दिवसांत मला एका रस्त्याने सांभाळलं. चार वर्षांपासून माझ्या आणि नीलाच्या मनात एक सफर होती. मोटारसायकलवरून डहाणू ते कासा, कासा ते जव्हार, मग मोखाडा, घाट चढून त्र्यंबक, पुढे वणी, तिथून सापुतारा, आणि धरमपूरच्या बाजूने उतरून तलासरीमार्गे घरी. चार दिवस, तीन मुक्काम. कधी रजा मिळाली नाही, कधी तिच्या शाळेच्या परीक्षा आल्या. आता पडल्यापडल्या मी डोळे मिटायचो आणि गाडीला स्टार्टर मारायचो. जव्हारच्या आधीचं वळण, मग सागाची झाडं, मग दरी डावीकडे. धुक्यात अर्धा बुडालेला डोंगर. कधी कधी नर्स सुई टोचायला यायची आणि मी मोखाड्याच्या पुढे कुठेतरी असायचो; तिचा आवाज मला वाऱ्यातून आल्यासारखा ऐकू यायचा. खरंखोटं वेगळं करणं अवघड होतं. माझे पाय नव्हते, पण मी गियर बदलत होतो.

घरी आलो, काठी धरून चालायला लागलो, मग काठी सुटली. अकरा महिन्यांनी कामावरही जाऊ लागलो. राहिलं ते दोनच गोष्टींत. तळपायांना काही कळत नव्हतं, लादीवर चालताना कापसावर चालल्यासारखं वाटायचं. आणि डाव्या हाताची पकड मधूनच ढिली पडायची. डावा हात म्हणजे क्लचचा हात.

नीलाने माझ्या आजारात देवीला नवस बोलून ठेवला होता. ती म्हणाली, "सफरीला निघू तेव्हा आधी आईच्या पायावर डोकं ठेवू, मग पुढे."

मी वहीत सगळ्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. कासा किती वाजता, जव्हार किती वाजता, चहा कुठे. मी म्हटलं, "चारोटीहून महालक्ष्मीचं देऊळ वाट सोडून आहे. जाऊन-येऊन रांगेत तास मोडेल. येताना करू."

मला आत कुठेतरी राग होता. ज्या आईला ती सगळं सांगत होती, त्या आईने माझे पाय का नेले, हा प्रश्न मी कधी तोंडावर आणला नाही, पण तो माझ्या त्या वहीत होता. देऊळ मी वेळेसाठी वगळलं नव्हतं.

आणि खरी भीती तर वेगळीच होती. ती मागे बसणार, आणि माझा हात घाटात दगा देणार. म्हणून नोव्हेंबरातल्या एका सकाळी, सुट्टीच्या दिवशी, मी नीलाला "वाणगावला जाऊन येतो" असं खोटं सांगून एकटाच गाडी घेऊन निघालो. चिखल्याच्या बाजूने घोलवड, तिथून आत तलासरी, मग उधवा, सायवन, कासा आणि परत. या रस्त्यावर जमलं तर घाटातही जमेल, असा हिशेब.

तलासरीपर्यंत सगळं छान झालं. उधव्याच्या पुढे धुकं लागलं. भात कापून झालेली खाचरं, मधेच एखादं एकटं ताडाचं झाड, आणि त्यांच्यावर दुधासारखं पसरलेलं पांढरं. रस्ता पुढे उलगडायचा आणि मागे मिटायचा. हॉस्पिटलातला तोच रस्ता, असं वाटून मी क्षणभर खरोखर गोंधळलो. आता डोळे उघडले तर छत दिसेल, असं वाटलं. त्या गुंगीतच सायवनच्या अलीकडचा चढ आला. वळणावर एक गाय उभी होती. मी ब्रेक लावला, क्लच दाबायला गेलो, आणि बोटं मिटलीच नाहीत. गाडी धक्का खाऊन बंद पडली, मागे सरकली आणि डावीकडे कलंडली. रस्त्याकडेच्या मातीच्या बांधाला तिचं हँडल टेकलं, म्हणून ती पूर्ण आडवी झाली नाही. पण माझा पाय तिच्या आणि बांधाच्या मध्ये अडकला.

दुखत नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर होतं. पाय चिरडला आहे की नुसता दबला आहे, मला कळत नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती. ओरडलो तर धुक्यात आवाज पाच हातांवर विरून जायचा. गाय निवांत निघून गेली. मी गाडी ढकलून पाहिली, हातात जोर येईना. किती वेळ गेला ठाऊक नाही. मनात आलं, नीलाला वाटतंय मी वाणगावला आहे. शोधायला निघाली तरी ती उलट्या दिशेला जाणार. आणि मग माझ्या तोंडून, मी न ठरवता, "आई" असं निघालं. माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. ती हाक नेमकी कुणाला होती, हे मला आजही सांगता येत नाही.

थोड्या वेळाने वरच्या अंगाने पावलं वाजली. साठीच्या आसपासची एक बाई धुक्यातून उतरत आली. डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने मला पाहिलं, गाठोडं जपून बांधावर ठेवलं आणि विचारलं, "कठं लागला, बाबा?"

"पाय अडकलाय, मावशी. मोडलाय का तेही कळत नाही. पायाला काही समजतच नाही माझ्या."

तिने वाकून पाहिलं. मग गाडीच्या मागे गेली, पाठ गाडीकडे करून कॅरियरखाली दोन्ही हात घातले. "मी उचलते तवा तू काढ. ढकलू नको, नुसता काढ." भात-गवताचे भारे उचलत जन्म गेलेली ती पाठ होती. गाडी वीतभर उठली आणि माझा पाय मोकळा झाला. दोघांनी मिळून गाडी सरळ केली. घोट्यावर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं.

मी बांधावर बसून राहिलो. ती म्हणाली, "जीप भरून गेली माझी. देवीला नवं भात न्यायचंय. तू कठं चाललास?"

"कुठेच नाही. माझ्याने आता गाडी चालणार नाही, मावशी. हातात जोर नाही. खाली गावात कुणाला तरी सांगा, टेम्पो पाठवतील."

"मग मी बसते मागं. तू चालव."

"अहो, पडलो तर?"

"पडलो तर उठू. आता नाही का उठलो?"

हे तिने इतक्या सहज म्हटलं की मी उठून हँडल धरलं. तिने गाठोडं मांडीवर घेतलं, एका बाजूला पाय सोडून मागे बसली आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी गाडी सुरू केली. पहिल्या दोन वळणांवर मी हँडल आवळून धरलं होतं. तिला ते खांद्यातून कळलं असावं. ती कानाजवळ येऊन म्हणाली, "येवढं गच्च नको धरू रे. तिला जाऊ दे. ती जातेय ना!"

मी बोटं सैल केली. आणि हात चालू लागला. त्याला कारण आहे, मी नंतर विचार केला तेव्हा सापडलंही. सतत आवळल्याने थकलेले स्नायू मधूनमधून सैल सोडले की पुन्हा काम करतात. पण त्या सकाळी मला कारण नको होतं. मागे भार होता म्हणून गाडी रस्त्याला धरून चालली होती. धुकं पातळ होत होतं, त्यातून ऊन झिरपत होतं, मागे ती कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, बहुधा देवीशीच, भाताबद्दल, सुनेच्या बाळंतपणाबद्दल. नीला बोलते तशीच. कासा कधी आलं, चारोटीची दुकानं कधी मागे पडली, मला आठवत नाही. हायवेने उजवीकडे वळून मी देवळाशी गाडी थांबवली तेव्हाच लक्षात आलं की मी कुठे आलो आहे.

"चल," ती म्हणाली. मी गेलो. चपला काढल्या, तिच्या मागे रांगेत उभा राहिलो. तिने फडकं सोडून नव्या भाताच्या लोंब्या देवीपुढे ठेवल्या. मी काही मागितलं नाही, रागही सांगितला नाही. नुसता उभा राहिलो. बाहेर आल्यावर आवारातल्या गवताच्या कडेने चाललो आणि उजव्या तळव्यात काहीतरी टोचलं. खाली बसून पाहिलं. कुसळ होतं. साधं वाळलेल्या गवताचं कुसळ. वर्षभरात माझ्या तळपायाला कळलेली ती पहिली गोष्ट. मी ते काढलं नाही. पायरीवर बसून, लोक बघत असताना, लहान मुलासारखा रडलो.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की संवेदना अशाच येतात, एखाद्या दिवशी अचानक. तसंच असेल. मी वाद घालत नाही. डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा ती मावशी तिच्या गावच्या बायकांबरोबर जीपमध्ये चढत होती. तिने हात वर केला, मीही केला. नाव विचारायचं राहून गेलं. पुढे मी दोनदा त्या रस्त्याला जाऊन चौकशी केली. सायवनच्या एका दुकानदाराने हसून विचारलं, "नवं भात घेऊन इथल्या सगळ्याच बाया जातात. तुम्हाला त्यातली कुठली हवी?"

घरी पोचलो तेव्हा नीला दारातच होती. माझा खरचटलेला पाय, मळलेली पँट तिने पाहिली. "वाणगावला हेल्मेट आणि हातमोजे घालून कोण जातं?" ती म्हणाली. मी सगळं सांगितलं. ऐकताना ती रडली नाही, उलट चिडली. "तुम्हाला वाटलं तुम्ही मला पाडाल. आणि म्हणून मला न सांगता एकटे पडायला गेलात! मी मागे बसायला तयार आहे की नाही, हे मला विचारायचं तरी होतं." मग माझी वही तिने घेतली, पेन घेतलं, वेळांचा सगळा रकाना खोडून टाकला, आणि चाराचे सहा दिवस केले. त्या रात्री मी शांत झोपलो.

जानेवारीत आम्ही निघालो. देवीच्या पायावर डोकं ठेवून. दर तासाला थांबत, हाताला विसावा देत. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक. सगळं स्वप्नातल्यासारखंच होतं, फक्त थंडी खरी होती. चौथ्या दिवशी वणीहून सापुताऱ्याकडे जाताना रस्ता सरळ आणि मोकळा लागला. दुपारचं कोवळं ऊन होतं. मी नीलाला एक डोंगर दाखवला, ती काही बोलली नाही. पुन्हा हाक मारली, उत्तर नाही. मग माझ्या पाठीवर हेल्मेट हळूच टेकलं, आणि मला कळलं की ती झोपली आहे.

माझा हात कसा आहे हे या जगात सगळ्यात जास्त तिला माहीत होतं. सायवनच्या चढावर काय झालं तेही तिला माहीत होतं. तरी ती माझ्या पाठीला टेकून, चालत्या गाडीवर, निर्धास्त झोपली होती. मी वेग अगदी कमी केला, डावा हात मागे नेऊन तिचा हात धरला आणि पुढचं सावलीचं झाड येईपर्यंत तसाच गाडी चालवत राहिलो. माझ्या मनात आलं, असा विश्वास मी आयुष्यात कधी कुणावर टाकला होता? कामात नाही, आजारात नाही, देवावर तर नाहीच. श्रद्धा म्हणजे काहीतरी मोठं, कठीण असतं, असं मी समजत होतो. ती तर एका थकलेल्या बाईची दुपारची झोप होती.

झाडाखाली गाडी थांबवली तेव्हा ती जागी झाली. "आलं का?"

"नाही. अजून बरंच आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. मी इंजिन बंद केलं. आई, तू जी कुणी आहेस, तुझे उपकार आहेत, एवढंच मनात म्हटलं, आणि नीलाची झोप पुरी होईपर्यंत दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी तोलून धरली.