दादाने दोरी ओढण्याआधी

परवा खालापूरच्या पंपावर गाडीच्या टाकीतून पेट्रोल उतू गेलं. तो वास नाकात शिरला आणि मी पुन्हा दादाच्या होडीत जाऊन बसले, मांडीवर माझी तान्ही सई.

माझा थोरला भाऊ कर्जतकडच्या एका धरणात होडी चालवायचा. बाळंतपणानंतर मला पलीकडच्या काठाला, सासरी सोडायला निघाला होता. श्रावणातली दुपार, पण आभाळ काळंकुट्ट. पाण्याच्या मधोमध जुनं इंजिन बंद पडलं. धरण भरून सांडव्यावरून वाहत होतं आणि होडी हळूहळू तिकडेच सरकत होती. कार्बोरेटर तुडुंब भरून पेट्रोल होडीत गळत होतं.

दादाने पेट्रोलची नळी बंद केली. पेट्रोल अडवणारी आतली सुई अडकली असेल म्हणून पान्याने कार्बोरेटरवर हलकेच ठोकलं. मग अंगातला शर्ट काढून सांडलेलं पेट्रोल टिपलं.

"पोरीला घेऊन पार पुढं बस गं."

"दादा, आपण सांडव्याकडं चाललोय!"

"ठावं हाय. तुला पवायला येतंय ना अजून?"

मी होकारार्थी मान हलवली. तो आमच्या आणि इंजिनाच्या मधे बसला आणि इंजिन चालू करायची दोरी ओढू लागला. बऱ्याच झटक्यांनंतर इंजिन खोकलं, काळा धूर सोडून सुरू झालं.

तेव्हा वाटलं, दादा सांडव्याला भ्यालाय, म्हणून पोहायचं विचारतोय. आज कळतं, होडीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचली होती आणि प्रत्येक झटक्याला इंजिनात ठिणगी पडत होती. भडका उडालाच, तर तो आधी त्याच्या अंगावर यावा आणि तेवढ्यात मी सईला घेऊन पाण्यात उडी मारावी, म्हणून तो मधे बसला होता.