धुळ्याच्या भिंतीवरचा अंगठा

धुळ्यात देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलंय, असं पेपरात वाचलं आणि नानांनी लगेच इस्त्रीचा शर्ट काढला. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या एका बँकेत त्यांनी जन्मभर नोटा मोजल्या. एकदा वरून आलेल्या साहेबांनी मोजताना त्यांचा फोटो काढला होता, "इतिहासात लावू" म्हणाले होते. तो फोटो नानांना बघायचा होता.

मेहरूणहून रिक्षाने जळगाव स्टँड, पुढे धुळे बस. पंचाहत्तरी उलटल्यामुळे नाना फुकट, बाई म्हणून मला अर्धं तिकीट. महामार्ग गुळगुळीत आहे, पण बस एरंडोल, पारोळ्याच्या स्टँडात शिरते. अडीच-तीन तास धराच. एरंडोलला चहा घ्या, भजी नको. तेल कालचं होतं.

प्रदर्शनात राजाच्या तोंडाच्या नोटा आणि गव्हर्नरांच्या फोटोंची लांबलचक रांग. नाना प्रत्येक फोटोपुढे चष्मा पुसत होते. शेवटच्या भिंतीपाशी थांबले.

टेबल, नोटांच्या गड्ड्या आणि एक हात. बाकी माणूस कापून टाकलेला. खाली लिहिलं होतं, 'पूर्वी गड्ड्यांना पिना मारत. या चुकीच्या सवयीने नोटा खराब होत.'

"हाऊ मना हात शे," नाना म्हणाले.

अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. रोज शेकडो पिना उचकटून ते तसं झालं, पुन्हा सरळ आलंच नाही. पिन नसलेली गड्डी तेव्हा साहेबच परत पाठवायचे. मग सवय कुणाची? माझं डोकंच फिरलं.

ताडून बघायला नानांनी अंगठा फोटोजवळ नेला.

"आबा, फोटोला हात लावू नका," तिथली माहिती देणारी मुलगी म्हणाली.

"अहो, हात यांचाच आहे तो!" मी म्हणाले.

"नाव कुठे नाही ना मॅडम. अभिप्राय लिहा हवं तर."

नानांनी वहीत लिहिलं, 'प्रदर्शन छान आहे.' मला ते पान फाडावंसं वाटलं. बाहेर शेवभाजी झणझणीत मिळाली, पण नानांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं.

जायचं असेल तर जा, प्रवेश मोफत आहे. अंगठा शेवटच्या भिंतीवर, डावीकडे.

घरी आल्यावर मी माहितीपत्रकाला बसचं तिकीट स्टेपलरने टाचलं. नानांनी ते माझ्या हातून घेतलं आणि त्याच नखाने पिन उचकटून काढली.

"टाचू नको, बेटा," म्हणाले. "चुकीनी सवय शे ती."