सातव्या टप्प्यावरचं पाणी

बाबांचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत एका कंपनीच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटत होते, सफाई कामगारांच्या हक्काच्या रजेबद्दलची. "मुक्ता, घरी ये. निमाआत्या दुपारी झोपली, ती उठलीच नाही." मी फोन ठेवला आणि उरलेली पत्रकं वाटून मगच निघाले. असं का केलं, ते अजून सांगता येत नाही... कदाचित त्यांच्या घड्या तिनं घातल्या होत्या म्हणून.

निमाआत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर नर्सची नोकरी केली आणि आमच्याच घरी राहिली. कात्रजच्या आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. वॉर्डात दिवसभर उभं राहून आलेली आत्या जमिनीवर बसायची, कागदाची तिहेरी घडी घालायची आणि स्टीलची वाटी पालथी धरून तिच्या काठानं ती दाबायची. "तुम्ही बापलेक जग बदला," म्हणायची, "मी तोवर घड्या घालते." आमच्या घरी प्रवास म्हणजे शिबिर किंवा मोर्चा. नुसतं बघायला म्हणून कुणी कुठं गेलंच नव्हतं.

निवृत्तीनंतर तिनं कुठल्याशा पुरवणीत एक फोटो पाहिला. थायलंडमधलं कांचनाबुरी, आणि तिथला सात टप्प्यांनी उतरणारा हिरवानिळा धबधबा. नाव एरावन, म्हणजे आपला ऐरावतच. "मला वरच्या टप्प्यावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसायचंय," ती म्हणाली. आयुष्यात तिनं मागितलेली ही एवढीच गोष्ट. मी तिला नेईन म्हणाले. पण मला तिथं जायचं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यानं तिथं रेल्वे बांधून घेतली, युद्धकैद्यांकडून आणि मलायातून नेलेल्या तमिळ मजुरांकडूनही. कैद्यांच्या थडग्यांवर नावं आहेत, मजुरांची बहुतेक थडगी निनावी. माझं रक्त तापायला एवढं पुरेसं होतं.

धबधब्याच्या दिवशी सकाळी मी तिला आधी कैद्यांच्या दफनभूमीत नेलं, मग त्या रेल्वेसाठी हातांनी डोंगर फोडून काढलेल्या खिंडीत. मी भिंतीवरच्या पहारीच्या खुणांना हात लावत होते, फोटो काढत होते, हलत नव्हते. आत्या एका दगडावर बसून पोटऱ्या दाबत होती.

"मुक्ता, निघूया का गं आता?"

"आत्या, इथं माणसं मेलीत."

ती पुन्हा पोटऱ्या दाबू लागली. आम्ही धबधब्यापाशी पोचलो तेव्हा उशीर झाला होता, वरचे टप्पे दिवसापुरते बंद झाले होते. रखवालदारानं वाटेवर दोरी बांधली होती. आत्यानं एकदा त्या वाटेकडे मान वर करून पाहिलं... मग पंजाबी ड्रेसवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवून खालच्या डोहात उतरली. मासे पायाशी जमले. "अगं, गुदगुल्या करतायत!" ती शाळकरी मुलीसारखी ओरडली. मी काठावर, बुटांसकट. एवढं सगळं घडलं त्या जिल्ह्यात लोक चक्क पोहतात, असं काहीतरी मी बोलले.

"मग? त्यांनाही आवडलं असतं की पोहायला," ती म्हणाली. "उन्हात दगड फोडत होते बिचारे. ये, बूट काढ."

मी गेले नाही.

परतल्यावर त्या मजुरांवर मी पत्रक लिहिलं. घड्या आत्यानंच घातल्या. एक वाचून म्हणाली, "चांगलं झालंय. पण यात पाणी कुठाय?"

"आत्या, ही सहलीची जाहिरात नाहीये."

"कळलं हो, बाईसाहेब."

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाऊ, आधी धबधबा, असं मी कबूल केलं होतं. मग हे आंदोलन, ते आंदोलन... दर रविवारी ती गॅलरीत निळ्या टबात पाय सोडून बसायची. "सातवा टप्पा," बाबांना सांगायची, "फक्त मासे सुट्टीवर आहेत." मी गठ्ठे घेऊन जाता जाता म्हणायचे, "आत्या, जरा टब सरकव." ती सरकवायची.

निनावी थडग्यांबद्दलचा माझा राग खोटा नव्हता, आजही नाही. पण दुसऱ्यांच्या रजेसाठी फाटकावर उभी राहणारी मी, माझ्याच घरात जन्मभर उभ्यानं राबलेल्या बाईचा एक दिवस खाऊन बसले. आणि हे लिहितानाही भीती वाटते, की मी तिचंही पत्रकच करतेय.

गेल्या रविवारी गॅलरीत गेले. नवे गठ्ठे बाबांनी टबात ठेवले होते, कोरे करकरीत, घडी न घातलेले. मी ते काढून जमिनीवर ठेवले, टब भरला, चपला काढल्या. बाबा चहा घेऊन आले. मग कप कठड्यावर ठेवून त्यांनी स्टूल ओढलं, पायजमा वर केला.

"सरक जरा," म्हणाले.

टबात आमचे चार पाय मावत नव्हते. पाणी बाहेर सांडलं, वाहत गठ्ठ्यांपर्यंत गेलं. ते उचलायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.