टोलाच्या आधी

"मारतंय हां."

व्हरांड्यात कुणी असो वा नसो, मावशी आधी घसा खाकरायच्या, हातातली लोखंडी कांब खांद्यापर्यंत उचलायच्या आणि हे एवढं बोलायच्या. मगच टोल पडायचा. मुलुंडच्या आमच्या शाळेत घंटा म्हणजे आढ्याला तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता. त्याचा आवाज असा की मागच्या कारखान्यातले कामगारसुद्धा आमच्या मधल्या सुट्टीला डबे उघडत. त्या आवाजापुढे मावशींचं ते "मारतंय हां" कुणाला ऐकू जाणार होतं? पण त्या म्हणायच्या. न चुकता, दिवसातून आठ-दहा वेळा.

आम्ही शिक्षक त्यांची नक्कल करायचो, हे कबूल केलेलं बरं. डबा उघडताना कुणीतरी म्हणायचं, "उघडतंय हां." मुख्याध्यापक रजेवर निघाले की मागून हळूच, "जातंय हां." मावशींच्या कानावर ते जात असणारच. त्या चहाचे कप उचलायच्या आणि उचलायच्या आधी सांगायच्या की कप उचलते.

शाळेतल्या त्या शिपाईबाई. काटकुळ्या, उंच, नऊवारी घट्ट कसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गाव मालवणाकडचं. नवरा परळच्या गिरणीत होता. संपाच्या वर्षी तो गावी गेला तो तिकडेच राहिला. मूलबाळ नव्हतं. मावशी टेकडीच्या पायथ्याशी एका चाळीतल्या खोलीत एकट्या राहायच्या. सणावाराला आम्ही कुणी घरी बोलावलं तर यायच्या, दारात बसायच्या, आणि पान वाढायच्या आत निघायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती सगळ्यांची असतात आणि त्यांचं कुणी नसतं.

आमच्याशी त्या शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. राग आला किंवा माया आली की मात्र मालवणी सुरू व्हायचं. त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते ओळखायला फार हुशारी लागत नसे.

मी तेव्हा डी. एड. होऊन नवीकोरी लागले होते आणि तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. बालमानसशास्त्राचं पुस्तक मला जवळजवळ पाठ होतं. जगातलं कुठलंही मूल आपण सुधारू शकतो, असं वाटण्याचं ते वय.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या वर्गात शैला आली. आठ वर्षांची, घारी, केस कुणीतरी घाईघाईने कापलेले. तिचे वडील एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. दुपारी ती त्यांना डबा द्यायला गेली होती. ती फाटकाशी पोचली आणि आत सिलिंडर फुटला. वडील जागीच गेले, तिला खरचटलंसुद्धा नाही. आई ती तान्ही असतानाच गेली होती. काकाने तिला आपल्या घरी आणलं आणि आमच्या शाळेत नाव घातलं.

पहिल्याच दिवशी टोल पडला आणि शैला बाकाखाली गेली. कशी गेली ते मला दिसलंही नाही. पोरं हसली. बाकाखालून पाण्याचा ओघळ आला तेव्हा आणखी हसली. मी त्यांच्यावर ओरडले, आणि माझ्या ओरडण्याने ती आणखी आत सरकली.

मुख्याध्यापकांनी काकाला बोलावून घेतलं. काका वाईट माणूस नव्हता. दोन पाळ्या करणारा, स्वतःची तीन पोरं असलेला, थकलेला माणूस. तो म्हणाला की गावाकडे, बीडला, तिची आजी आहे, दिवाळीनंतर तिकडे पाठवून देतो. त्या वस्तीला शाळा होती का? नव्हती. पण घंटाही नव्हती. दाखल्याचा अर्ज त्याने लिहूनच आणला होता.

मावशी चहा घेऊन आल्या होत्या. कप टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "सर, दिवाळीनंतर लगेच नको. नाताळपर्यंत ठेवूया का?" शिपाईबाईने असं मधे बोलणं आमच्याकडे रिवाजात नव्हतं. मुख्याध्यापक इतके चकित झाले की हो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक टोलाच्या आधी मावशी माझ्या वर्गाच्या दारात येऊ लागल्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत. फक्त शैलाकडे बघून एक बोट वर करायच्या आणि जायच्या. तेवढ्यात शैला दोन्ही कान गच्च धरायची. पण बाकाखाली जायची नाही. आठवडाभराने त्यांनी मला विचारून तिला व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं. तिथून तिला कांब वर जाताना दिसायची. रोज थोडं जवळ. मला हे सगळं फार संथ वाटायचं. पुस्तकात लिहिलं होतं की मुलाला बोलतं करावं, मनातलं बाहेर काढावं. मावशी तर तिला एका शब्दाने काही विचारत नव्हत्या.

एक दिवस त्यांनी टोल दिला आणि रूळ थरथरत असतानाच शैलाचा तळवा त्यावर टेकवला. आवाज तिथल्या तिथे बंद झाला.

"बघ, गप झाला. तू ठेवलंस हात म्हणून."

शैलाने हात काढला, पुन्हा ठेवला. मग मावशींकडे बघितलं. पुढचे कितीतरी दिवस तेच चाललं होतं, यांनी वाजवायचं आणि तिने गप्प करायचं. आमच्या शाळेचा टोल अर्धवट येऊ लागला आणि कारखान्यातल्या लोकांचा जेवणाचा गोंधळ झाला. आणि मग एका सोमवारी कांब शैलाच्या हातात होती. तिने घसा खाकरला आणि मारली. वर्गात येऊन बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. त्या दिवशी तिने माझ्याकडे पहिल्यांदा खडू मागितला.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुम्हाला हे कुणी शिकवलं. स्टोव्हला पिन मारत त्यांनी जे सांगितलं ते एकदाच, आणि पुन्हा कधी नाही. त्या सहा वर्षांच्या असताना त्यांची आई तापाने एका दिवसात गेली. या झोपेत होत्या. उठल्यावर सगळ्यांनी सांगितलं की आई खाडीपलीकडे मामाकडे गेली आहे. मग त्या रोज संध्याकाळी तरीवर, होडी लागते तिथे, जाऊन बसायच्या. होडी यायची, माणसं उतरायची, जायची. असं जवळजवळ वर्षभर. शेवटी होडीवाल्यालाच राहवलं नाही आणि त्याने खरं सांगितलं. त्या दिवशी म्हणे त्या घरी येऊन पोटभर जेवल्या आणि झोपल्या. "कळलं तर माणूस जेवतं तरी," एवढं म्हणून त्यांनी मला चहा गाळून दिला.

हे ऐकूनही मी जे केलं ते केलंच.

डिसेंबरात शाळेची तपासणी आली. तपासणी म्हणजे काय ते ज्यांनी शाळेत नोकरी केली त्यांना सांगायला नको. भिंती सारवल्यासारख्या स्वच्छ, तक्ते नवे, आणि प्रत्येक वर्गात एक हुशार मूल पुढच्या बाकावर. माझ्याकडे साहेबांना दाखवण्यासारखं शैलाखेरीज काही नव्हतं. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही. मी तिला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना तिची सगळी हकीकत सांगितली. वर्कशॉप, सिलिंडर, डबा, वडील. ती किती घाबरायची आणि आता घंटा कशी वाजवते. साहेबांचे डोळे पाणावले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी तिची हनुवटी उचलून विचारलं, "बाळ, तू पाहिलंस ते सगळं?"

आणि मी, मीच म्हणाले, "सांग ना गं शैला, घाबरू नकोस."

ती तशीच उभी राहिली आणि तिच्या पायाशी ओघळ आला. साहेब दुसऱ्या वर्गात गेले. वहीत त्यांनी माझ्याबद्दल चांगला शेरा लिहिला.

मावशींनी फरशी पुसली. पुसून झाल्यावर फडकं पिळत त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, तिका इचारल्यात काय तुम्ही? तिचो बापूस असो कोणापुढेय काढूचो नसता."

पुस्तकातलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शैला शाळेत आली नाही. काका तोच अर्ज घेऊन आला. म्हणाला, पोरगी खाटेखालून बाहेर येत नाही, जेवत नाही, नाताळच्या सुट्टीत गावी नेऊन सोडतो. मुख्याध्यापकांनी दाखला तयार करायला सांगितला. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं सुंदर अक्षर होतं ना.

शाळा सुटली की मावशी काकाच्या घरी जाऊ लागल्या. मीही एक-दोनदा गेले, पण दूर उभी राहिले. मला आत जायचं तोंड नव्हतं. मावशी उंबऱ्याच्या बाहेर बसायच्या, काकूचे तांदूळ निवडून द्यायच्या, खाटेकडे बघायच्याही नाहीत. निघताना मात्र खाटेच्या दिशेने स्पष्ट सांगायच्या, "मी आता जातंय. उद्या सहा वाजता येतंय." आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला उंबऱ्यावर हजर. बाकी काही नाही. काकू मला म्हणाली, ही बाई येते कशाला तेच कळत नाही, पण तांदूळ छान निवडते.

गावी जायला दोन दिवस उरले असताना मुख्याध्यापकांनी मावशींना कपाटं आवरायला थांबवून घेतलं. त्या निघाल्या तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. मी त्यांच्याबरोबर होते. त्या अक्षरशः धावत होत्या, नऊवारीचा काष्टा सावरत, पंचावन्न ओलांडलेली बाई. काकाच्या चाळीच्या तोंडाशी आलो तर शैला उंबऱ्यावर बसली होती. बाहेर. गुडघे छातीशी घेऊन.

"उशीर झाला," ती म्हणाली. तपासणीनंतरचे तिचे ते पहिले शब्द.

मावशी तिच्यासमोर खाली बसल्या. त्यांना दम लागला होता. "चुकला माझा, बाय. तुका सांगूक होया होता. आता रोज आधी सांगान." त्यांनी आपले दोन्ही कान धरले. शैला त्यांच्याकडे बघून म्हणाली की भूक लागली.

काका आत उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन त्याने अर्ज परत मागून घेतला. मी लिहिलेला दाखला मीच फाडला आणि मला त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत धड शिकवता आलं नाही.

शैला परत आली. मार्चपर्यंत मधल्या सुट्टीचा टोल तिचाच होता. चौथीत ती बाकीच्या पोरींसारखी झाली. लंगडी, भांडणं, चिंचा. मावशींच्या जवळून ती मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून निघून जायची, वळूनही बघायची नाही. मला ते लागलं. मी मावशींना म्हटलं, बघा, साधी ओळखही देत नाही.

"नाय दिल्यान ओळख तर नाय. माका बघल्यान की तिका तो दिवस दिसतलो. माका इसारली तर बरा." मग शुद्ध मराठीत, मला समजावं म्हणून, "तुम्ही तिला कधी आठवण करून देऊ नका, बाई. वचन द्या."

मी दिलं. पण शाळा सुटल्यावर मी पाहत असे. मावशी फाटकाचा कडी-कोयंडा हातात धरून उभ्या राहायच्या आणि पोरींचा घोळका कोपऱ्यावर वळेपर्यंत फाटक लावायच्या नाहीत. त्यांना वाईट वाटायचं. मोठ्या मनाच्या माणसांना वाटत नाही, असं काही नसतं.

दोन-तीन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ झालं, मुख्याध्यापकांनी भाषणात त्यांचं नाव चुकवलं. त्या गावी गेल्या. नवरा तोवर वारला होता. मी दिवाळीला पत्र टाकायचे. एका वर्षी त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं की काकी पावसाळ्यात गेली, तुमचं पत्र आत्ता मिळालं. मी ते कार्ड घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले. तिथे सगळे नवीन होते. रुळाच्या जागी विजेची घंटा आली होती. कुणाला सांगावं ते मला कळेना.

यानंतर कितीतरी वर्षांनी, मुलुंडच्या बाजारात भाजी घेताना एका बाईने मला हाक मारली. घारे डोळे मी लगेच ओळखले. शैला नाहूरला राहत होती, नोकरी करत होती, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती. वडील लहानपणीच गेले, काकांनी वाढवलं, हे तिने सहज सांगितलं, सगळे सांगतात तसं.

"बाई, तिसरीचं वर्ष माझं सगळ्यात छान गेलं," ती म्हणाली. "तुम्ही मला घंटा मारायला द्यायचात, आठवतं? सगळ्या वर्गात फक्त मला."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. वचन दिलेलं होतं, तरी न राहवून एवढंच विचारलं, की तेव्हा शाळेत शिपाई कोण होतं, आठवतं का तुला.

तिने मनापासून आठवून बघितलं. "नाही हो बाई. कोण होतं?"

"होत्या एक मावशी," मी म्हणाले.

"असतील," ती म्हणाली, आणि मुलीला पुढे करून म्हणाली, "नमस्कार कर. ह्या माझ्या बाई. ह्यांच्यामुळे मी शाळेत टिकले."

ती मुलगी माझ्या पायाशी वाकली. मला रडू आवरेना. शैलाला वाटलं, इतक्या वर्षांनी भेटल्याचा बाईंना आनंद झाला. मी तिला तसंच वाटू दिलं.