सोडून राहिलो

मत्सर हा सहा शत्रूंतला सर्वांत जुना. त्यानं राज्यं बुडवली, सख्ख्या भावांना रणांगणावर समोरासमोर उभं केलं. माझ्याकडे तो दर रविवारी दुपारी यायचा, आणि त्याचं मूळ सौसरच्या एका प्राथमिक शाळेतल्या वर्गात होतं. तिथं माझा नवरा लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचा आणि बोलायचा.

बोलायचा, हे महत्त्वाचं. घरी तो बोलत नसे. पांढुर्ण्यात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींशी तो माझ्यापेक्षा जास्त बोलत असावा. दारूबद्दल विचारलं की एकच वाक्य यायचं, "सोडून राहिलो ना." मी शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडचं हे 'राहिलो', म्हणजे 'सोडतो आहे', बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. मला त्याची धास्ती आहे. या क्रियापदाच्या आधारानं माणूस वर्षानुवर्षं दारू सोडत राहू शकतो, आणि व्याकरण त्याच्याच बाजूनं उभं असतं.

दिरांनी त्याला जामसांवलीला नेऊन मारुतीसमोर शपथ घ्यायला लावली. ती पोळ्यापर्यंत टिकली. मग एकदा सौसरच्या बसस्टँडवर, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा कागद मला दिसला. मी फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, पिते तर भाऊ ना? मग फोनबी त्यायलेच करू द्या."

मी नंबर फ्रिजवर चिकटवला आणि गप्प बसले. त्यानं बऱ्याच दिवसांनी फोन केला. बैठक पांढुर्ण्यातही भरते असं कळलं, पण तिथं सगळे ओळखतात, म्हणून सौसर. पहिल्याच रविवारी तिथल्या शाळेच्या दारात त्याला आमच्या गल्लीतला औषधवाला भेटला. तोही ओळख टाळायलाच आला होता.

दारू थांबली. लोक माझं अभिनंदन करू लागले. मला आनंद झाला नाही असं नाही; पण रविवारी तो हलका होऊन परतायचा, आणि काय झालं विचारलं की म्हणायचा, "तिथलं तिथंच राहते." रोज संध्याकाळी रामाकोन्याच्या एका भाऊंचा फोन यायचा. ते त्याच्या आधीपासून बैठकीत होते. दोघं ओट्यावर बसून हसायचे. म्हणजे एक ओट्यावर, एक रामाकोन्यात. दुसरी बाई असती तर तिच्या साडीला तरी नावं ठेवता आली असती. माझी सवत म्हणजे मिशीवाला संत्र्याचा बागाईतदार होता.

मग एका रविवारी घरच्यांनाही बोलावणं आलं. नागपूरहून पाहुणे आणले होते. शाल झाली, नारळ झाला, अंधारातल्या दिव्यावर भाषण झालं. माइक मधूनमधून शिट्टी मारत होता. त्याचंच म्हणणं मला जास्त पटत होतं. नंतर नवरा उठला आणि म्हणाला, "मी दारू सोडून राहिलो."

टाळ्या पडल्या. मी इकडेतिकडे पाहिलं. मागच्या बाकावरून ते मिशीवाले भाऊ वाकून म्हणाले, "सोडली म्हणणारा फसते, ताई. सोडून राहिलो, हेच खरं. आमचा तर हा नियमच हाय."

मला जे वाक्य वर्षानुवर्षं बहाणा म्हणून मिळालं, त्याला इथं टाळ्या होत्या.

नवरा पुढं बोलत होता. "एक डाव दुपारी हिच्या शाळेच्या फाटकापाशी गाडी लावली. मले भेव लागून राहिलं होतं, का आता आपल्याच्यानं थांबत नाही. म्हटलं हिले सांगाव. घंटा झाली, पोरं निघाली. मंग मी गुत्त्यावर गेलो."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं की त्यांनी हे आधीही ऐकलं आहे. बोरगावच्या एका म्हाताऱ्याला तर पुढचं वाक्य पाठ होतं. त्याचे ओठ हलत होते. माझ्या शाळेच्या फाटकावरची गोष्ट त्या वर्गात सर्वांत शेवटी मला कळली.

परतताना फाट्यावर चहाला थांबलो. मी विचारलं, "अहो, हे मला का नाही सांगितलं?"

"तू वाक्य दुरुस्त करते."

"कधी?"

"सांगितलं होतं एक डाव, मले भेव लागते. तू म्हणाली, भेव नाही, भीती वाटते म्हणा."

मला आठवत नव्हतं. पण ते वाक्य माझंच वाटत होतं. "त्यांना कोणी दुरुस्त करत नाही वाटतं," मी म्हणाले.

"त्यायले येतच नाही ना शुद्ध."

तो हसला. रस्त्यापलीकडे दारूचं दुकान होतं, ट्यूबलाइट नुकती लागली होती. त्यानं तिकडे पाहिलं, मग ग्लासात पाहिलं. मी बशी घट्ट धरून बसले. आता तो उठला तर मी काय करणार होते, कोण जाणे.

"आता बी मन होऊन राहिलं," तो म्हणाला. "ते दुकान दिसलं का होते तसं. रामाकोनावाल्याले हे नाही सांगितलं अजून. तुलेच पह्यले सांगून राहिलो."

इतक्या वर्षांत तो माझ्याशी एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. त्यात व्याकरणाच्या किमान पाच चुका होत्या.