खिशातला फ्यूज

“भेव वाटून राह्यलं ना? मंग लाव बटन.”

चाचांनी हे विचारल्याशिवाय माझ्या गॅरेजमधलं एकही मशीन सुरू झालं नाही. “मी नाही घाबरत,” असं एकदा फुशारकीनं म्हणालो, तर त्यांनी मलाच बाहेर काढून माझ्याच गॅरेजला कुलूप लावलं. “उद्या ये,” म्हणाले.

राजूरच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन ते वणीत आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मी गाडी विकून रिकाम्या गॅरेजात सुतारकामाचा छंद मांडत होतो. त्यांनी आधी थिनरचा डबा बाहेर ठेवला, मग माझ्या गळ्यातला दुपट्टा ओढून घेतला. “हा मशीनमंधी अडकला त मान घेऊन जाईन.” मी हसलो. ते हसले नाहीत.

करवतीचं पातं बदलायचं तर आधी गॅरेजच्या बोर्डावरचा फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात घालायचा, ही त्यांची खाणीतली रीत. “बटन कोणी बी दाबते. खिशातला फ्यूज कोणी लावत नाही.”

मे महिन्यातल्या एका दुपारी माझी गोल करवत चालू असताना लाईन गेली. आपल्याकडे गेलेली लाईन तासभर तरी येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हटलं, तेवढ्यात बोथट पातं बदलून घेऊ. बटण तसंच चालू राहिलं. माझी बोटं पात्यावर होती, आणि मागून चाचा ओरडले, “हात काढ!”

त्यांनी धावत जाऊन फ्यूज उपसला. दोन श्वास झाले असतील नसतील, घरातला कूलर घरघरू लागला.

मी बोटांकडे पाहतच राहिलो. फ्यूज खिशात घालून चाचा पायरीवर बसले होते.

“तुले भेव नाही वाटलं?”

“लाईन नव्हती ना, चाचा.”

“लाईन गेली का मले जास्तच भेव वाटते. ते वापस का सांगून येते?”

फ्यूज खिशात तसाच घेऊन ते घरी गेले. त्याच आठवड्यात एका पहाटे ते झोपेतच गेले.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर चाची दारात आल्या. “भाऊ, हे तुमचंच असन. त्यायच्या सदऱ्यात होतं.”

मी फ्यूज बोर्डात लावला. दुपट्टा खुंटीला टांगला. बटणावर बोट ठेवलं.

“भेव वाटून राह्यलं, चाचा,” मी मोठ्यानं म्हणालो.

पुढचं वाक्य बोलायला कोणी नव्हतं. मी फ्यूज उपसून खिशात घातला.