पायाळू बाईंचा नमस्कार

हल्ली मान आखडली की मी मशीनचा शेक घेते, आणि घाटकोपरच्या चाळीतल्या आमच्या शेजारीण बाई आठवतात. मालवणकडच्या. जन्मताना त्या पायांकडून आलेल्या, म्हणजे पायाळू. पायाळू माणसाचा पाय लागला की धरलेली मान सुटते, असं तेव्हा सगळी चाळ मानायची.

दिवसभर टायपिंग करून माझी मान धरायची, डोकं ठणकायचं. मग मी त्यांच्या पाटावर जाऊन बसायची. "सैल सोड गो मान. हापिसातल्या सायबाक आठवू नको," असं म्हणत त्या मागून मानेवर हळूच टाच टेकवायच्या. आणि पाय लागला म्हणून लगेच वाकून मला नमस्कार करायच्या. शेंबड्या पोरांनाही करायच्या.

त्यांचा नवरा मात्र चारचौघांत त्यांना वेडी म्हणायचा. एका रविवारी त्याचीच मान धरली. गोळ्यांनी काही फरक पडेना, तेव्हा तो मुकाट्याने पाटावर येऊन बसला. बाईंनी टाच टेकवली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"झाला. उठा," त्या म्हणाल्या, आणि न वाकताच तांदूळ निवडायला गेल्या.